अर्धा मजला तुझा, अर्धा माझा

गुक सनजू खोलीत शिरली आणि तिला कळलं, आपल्याला फसवून बोलावलंय. टेबलापलीकडे प्यो मिन्सोक बसला होता. समोर बर्फ घातलेली काळी कॉफी, पायाशी नमुन्यांची चाकवाली पेटी.

"अरे वा, ताई!" तो बसल्या जागेवरून म्हणाला. "अजून भिंतीच रंगवताय?"

"तू अजून खुर्च्याच विकतोयस, मग मला काय घाई?" सनजू म्हणाली आणि त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर जाऊन बसली.

कॉलेजात मिन्सोक तिच्या दोन वर्षं मागे होता. ती इंटिरिअरची, तो प्रॉडक्टचा. तेव्हा 'ताई, ताई' करत तो तिची पुठ्ठ्याची मॉडेलं जिन्यावरून वाहून आणायचा. पुढे दोघांनी आपापली ऑफिसं थाटली. एका वाचनालयाचं काम सनजूकडे आलं, तिथल्या खुर्च्या मिन्सोकच्या होत्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सनजूने त्या सगळ्या उचलून तळघरात टाकायला लावल्या आणि एका मासिकाला सांगितलं, "खुर्ची वाईट नाही, पण ती खोलीशी भांडते." मिन्सोकने ते वाचलं. मग जिथे म्हणून त्याला भाषणाला बोलावलं तिथे तो सांगत सुटला, की इंटिरिअर म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मांडायच्या आणि खाली आपली सही ठोकायची. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

दोघांना बोलावणाऱ्या पांग साहेबांना हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्यांनी दोघांना एका वेळेला बोलावलं. त्यांची कंपनी पांग्यो या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भागात होती. ती सामान पोचवणाऱ्या गाड्यांनी कुठल्या रस्त्याने जावं हे सांगणारं सॉफ्टवेअर बनवायची. प्रोग्रामर सगळे एकाच मजल्यावर, खांद्याला खांदा लावून. त्यांच्यात आवाजावरून रोजची कटकट. एकाने दुसऱ्याचा खडखडणारा कीबोर्ड उचलून सरळ खरकट्याच्या डब्यात घातला, तेव्हा साहेबांना वाटलं, आता डिझाइनर आणावा.

"मला दोन्ही बघायचंय," टेबलाच्या टोकाशी बसलेले साहेब म्हणाले. "अर्धा मजला प्यो साहेबांचा, अर्धा गुक मॅडमचा. हिवाळाभर चालवू. लोकांना जे आवडेल ते मग सगळीकडे."

"सोपं आहे," मिन्सोक म्हणाला. "प्रोग्रामरला काय लागतं? एक जागा, एक पडदा आणि कोणी त्रास न देणं. ती जागा मी एकदाच नीट बनवीन. दाबून, आपटून, घासून बघीन. मग तश्शीच हजारोंनी निघेल, आणि तुम्ही उद्या ऑफिस बदललंत तरी ट्रकमध्ये टाकून नेता येईल. ताईंचं काम नेता येत नाही. ताईंचं काम फोडून कचऱ्यात जातं."

"माणूस खुर्चीत बसत नाही, खोलीत बसतो," सनजू म्हणाली. "याची वस्तू कुठल्या खोलीत आहे हे तिला ठाऊकच नसतं. उजेड कुठून येतो, पावलं कुठून वाजतात, पाठीमागून कोण जातं, काही नाही. गोदामात ठेवली काय, देवळात ठेवली काय."

"बघा! खोलीशी भांडणारी खुर्ची!"

"हो. आणि माणूसही तसाच."

"झालं का?" दारातून आवाज आला. पायात सपाता, खांद्यावर ब्लँकेट, हातात लॅपटॉप. ही हाम येरान, प्रोग्रामरांची टीमलीडर. "साहेब, 'लोकांना आवडेल ते' म्हणालात ना? लोक म्हणजे आम्हीच ना? मग आम्हाला विचारायचं राहिलंच की."

"विचारणार आहोत, हाम मॅडम. शेवटी."

"शेवटी," येरान म्हणाली. तिने दोन्ही डिझाइनरांकडे आळीपाळीने पाहिलं. "कोडमध्ये आम्ही असं केलं तर तुम्ही आम्हाला घरी पाठवता."

काम सुरू झालं. मिन्सोकने आपल्या बाजूला 'कोश' उभे केले. म्हणजे एका माणसापुरती जागा. मऊ आवरणाची उंच पाठ, दोन्ही अंगांना वळून येणाऱ्या भिंती आणि वर ओढून घ्यायचा टोप. टोप ओढला की बाहेरचं जग बंद. सनजूने आपल्या बाजूला छताला जाड लोकरी पट्टे लावले, चालायची वाट खिडकीकडून भिंतीकडे हलवली, कॉफीची जागा दोन दारांपलीकडे नेली, आणि दिवे असे बसवले की दुपारी कोणाच्या पडद्यावर चमक पडू नये. पाहणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय सुरेख झालंय.

पट्ट्यांमुळे तिची बाजू शांत झाली, तशी वरच्या हवेच्या नळीची घरघर फार ऐकू यायला लागली. सनजूने एसीचा मिस्त्री पेक याला शिडीवर चढवलं.

"झडप अर्धी मिटून टाका. ती घरघर गेली पाहिजे."

"मॅडम, नळी हीच पुढे पलीकडे जाते," पेक वरून म्हणाला. "तुमच्याकडे दारांतून येते हवा. पलीकडे कमी पडेल."

"पलीकडचं पलीकडचे बघतील."

"एकदा प्यो साहेबांना सांगू का?"

"तुम्हाला कामावर मी ठेवलंय की त्याने?"

पेकने झडप मिटली. घरघर थांबली. सनजू खाली डोळे मिटून ऐकत राहिली आणि तिला फार बरं वाटलं.

पुढचे आठवडे त्या मजल्यावर उभा दावा पेटला. एकाच टीमचे लोक, पण निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सनजूच्या बाजूचे पलीकडच्यांना 'अंडी' म्हणायला लागले. "अंडी उबली का रे?" असं जाता जाता ओरडायचे. पलीकडचे इकडच्यांना 'कॅफेवाले' म्हणायचे. कोणी प्रश्न विचारायला टेबलाशी आलं, की "मेसेज कर ना, मी काय वेटर आहे?" एकमेकांचा कोड तपासताना जिथे पूर्वी 'हे बदललं तर बरं' लिहायचे, तिथे आता 'हे कोणी शिकवलं तुला?' लिहायला लागले. येरान दोन्ही बाजूंना हिंडून हिंडून थकली. एकदा ती सनजूला कॉफीपाशी गाठून म्हणाली, "तुमची भांडणं तुम्ही आमच्या अंगावर लावलीत. माझी टीम होती. आता दोन गल्ल्या झाल्यात."

"माझ्या बाजूला तक्रार आहे का कोणाची?" सनजूने विचारलं.

"तुम्हाला तेवढंच ऐकू येतं का?"

कोशाची सगळ्यात मोठी भक्त होती सोल दाहे. बुटकी, अबोल, हुशार मुलगी. साहेब पाहुण्यांना घेऊन आले की मिन्सोक तिलाच बोलायला लावायचा. "चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या समोर कोणाचं तोंड नाहीये," ती म्हणायची, आणि पाहुणे हसायचे. सनजूला ती मुलगी डोळ्यांसमोर नकोशी झाली होती. एकदा तिने मुद्दाम विचारलं, "माझ्या बाजूला बसून बघितलंस का तरी?"

"बघितलं," दाहे म्हणाली. टोप खाली ओढून घेतला.

कडाक्याची थंडी पडली, बाहेर झरे गोठले, आत छतातून गरम हवा सोडली जात होती. त्या दुपारी मीटिंगला दाहे आली नाही म्हणून एक जण तिला बोलवायला गेला. टोप खाली होता. त्याने ठोठावलं, हाक मारली, मग टोप वर सरकवला. ती टेबलावर ओणवी पडली होती, कपाळ कडेवर आपटून फुटलेलं, कीबोर्डवर रक्त. जेवायला सगळे तिच्यासमोरूनच गेले होते. सगळ्यांना वाटलं होतं, काम करतेय.

सनजूला फोनवर कळलं तेव्हा ती दुसऱ्या साइटवर उभी होती. पहिला विचार तिच्या मनात आला तो असा की जिंकले. दुसरा विचार बऱ्याच वेळाने आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना बोलावलं. मिन्सोकचे डोळे सुजले होते.

"मी स्वतः त्यात बसून बघितलंय," तो म्हणाला. "माझ्या वर्कशॉपमध्ये चार-चार तास माणसं बसवलीत. कोणाला काही झालं नाही. इथल्या खोलीतच काहीतरी आहे."

"तुमच्या बंद खोक्यात मुलगी बेशुद्ध पडली आणि तुम्ही खोलीला दोष देताय?" साहेब म्हणाले. मग सनजूकडे वळले. "गुक मॅडम, तुम्ही या क्षेत्रातल्या. हा दोष कोशाचा आहे असं तुमचं मत तुम्ही लेखी द्या. सगळा मजला तुमच्याकडे. आणि त्या मुलीला एकदा भेटून या. ती काय म्हणते ते कळू दे."

"द्या ना, ताई," मिन्सोक म्हणाला. "इतकी वर्षं वाट बघितलीत."

"बघितली," सनजू म्हणाली. पण ती तिथल्या तिथे हो म्हणाली नाही. पेकचा शिडीवरचा आवाज तिच्या कानात होता, आणि तो ती दाबून टाकत होती.

ती ज्यूसच्या बाटल्यांचा खोका घेऊन दवाखान्यात गेली. दाहेच्या कपाळावर पट्टी होती. शेजारी तिची आई पेअर सोलत बसली होती. आईने खोक्याकडे पाहिलं, सनजूकडे पाहिलं, आणि 'बसा' म्हटलं नाही.

"डॉक्टर म्हणाले, रक्तदाब कमी, त्यात कोंदट जागा," दाहे म्हणाली. "तुम्ही का आलात?"

"बघायला. कशी आहेस?"

"टाके पडलेत. खरं सांगा ना. माफी मागायला आलात, की दोष त्याचा आहे हे माझ्या तोंडून वदवून घ्यायला?"

सनजूने ज्यूसचा खोका पलंगाच्या पायथ्याशी ठेवला. ती वदवून घ्यायलाच आली होती. आणि माफीसाठी यायला हवं होतं, हे त्या खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं.

"मला कोश आवडायचा," दाहे म्हणाली. "तुमची बाजू सुंदर आहे. पण तिथे बसलं की परक्याच्या घरी पाहुणी गेल्यासारखं वाटतं. पाय कुठे ठेवू, डबा कुठे उघडू. तुम्ही मला विचारलंत तेव्हा हे सांगावंसं वाटलं होतं. पण तुम्ही विचारत नव्हतात, टोचत होतात."

"पुरे आता," आई म्हणाली. "माझ्या पोरीचं डोकं दुखतं." सनजू उठली. ती दाराबाहेर पडली, तेव्हा मागून आई आली आणि ज्यूसचा खोका तिच्या पायाशी ठेवून आत निघून गेली.

तो खोका उचलून सनजू गाडीत बसली. मिन्सोकचा राग यावा म्हणून तिने प्रयत्न केला. आला. पण त्याने काम भागेना.

ऑफिसात येरानने कोणाची परवानगी न घेता आपलं काम सुरू केलं होतं. हवा किती कोंदट आहे ते दाखवणारी छोटी यंत्रं तिने पदरमोड करून आणली आणि मजल्यावर ठिकठिकाणी ठेवली. मग एका कोशाचा टोप काढून बघितला. मग एक कोश चौघांनी उचलून सनजूच्या बाजूला नेला आणि एकाला त्यात बसवलं. मग दारं बंद करून बघितलं. शेवटी तिने साहेबांना, मिन्सोकला आणि सनजूला मजल्यावरच उभं केलं. सगळी टीम भोवती.

"आम्ही बग शोधतो तेव्हा कोणाला फाशी द्यायची हे आधी ठरवत नाही," ती म्हणाली. "कुठे तुटलं ते बघतो. ऐका. प्यो साहेबांच्या बाजूला टोप काढला तरी हवा खराब. गुक मॅडमच्या बाजूला कोश आणला, टोप ओढला, तर कोंदटतं, पण माणूस पडेल इतकं नाही. म्हणजे दोन गोष्टी आहेत. एक टोप. दुसरी या बाजूला हवाच येत नाहीये. वरची झडप अर्धी मिटलेली आहे. ती कोणी मिटली?"

'मिस्त्रीने' असं म्हणणं सोपं होतं. पेक तिथे नव्हता, त्याला कोणी विचारायलाही गेलं नसतं. सनजूच्या जिभेवर ते नाव आलंही.

"मी," ती म्हणाली. "मी मिटवून घेतली. पलीकडे हवा कमी पडेल हे मला सांगितलं होतं. तरी मिटवली."

कोणाच्या तरी तोंडून शिवी गेली. मिन्सोक आधी थक्क झाला, मग हसायलाच लागला. मोठ्याने, कडवट. "ऐकलंत साहेब? ऐकलंत? खोली! मी ओरडून सांगत होतो, खोली!"

"तुम्ही हसू नका," येरान त्याच्यावर उलटली. "तुमच्या टोपाला हवा यायला बोटभर भोक नाही. वर्कशॉपमध्ये चार तास बसवलंत ना? कुठलं वर्कशॉप? मी जाऊन आले. सताड उघड्या शटरचं. बाहेर रस्ता, वारा. तिथे हंड्यात बसवलं असतं तरी माणूस जगला असता. तुमची वस्तू कुठल्याही खोलीत चालते म्हणालात ना? तुम्ही ती एकाच खोलीत बघितलीत."

मिन्सोकचं हसू गळून पडलं. कान लाल झाले.

"तुमच्या एकट्याच्या वस्तूने ती पडली नसती," येरान म्हणाली, "आणि यांच्या एकटीच्या खोलीनेही नाही. तुम्ही दोघांनी मिळून पाडलीत तिला. तुमच्या धंद्यात काय फरक आहे ते मला पहिल्या दिवसापासून ऐकवताय. मला एवढाच फरक कळला, की एकाचं संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू होतं, आणि तिथे नेमकं कोणी बघत नाही."

साहेबांनी दोघांनाही चालतं व्हायला सांगितलं. पण येरानने तेही होऊ दिलं नाही. "चालते होऊ देत, पण हे आवरून. आम्ही काय रस्त्यावर बसून काम करायचं? मोडलं त्यांनी, जोडतील तेच. आणि या वेळी एकमेकांचे नकाशे बघून."

ते काम म्हणजे दोघांनाही शिक्षा होती. मिन्सोक नकाशा पाठवायचा तो येरानला, येरान तो सनजूला पाठवायची. सनजूचं उत्तर त्याच वाटेने परत जायचं. एकदा शिडीखाली दोघं समोरासमोर आली.

"पाठीची भिंत इतकी उंच ठेवलीस तर माझी हवा तिथे आपटून परत येते," सनजू म्हणाली.

"तुमची हवा! आता हवाही तुमची झाली?"

"कापणार आहेस की नाही?"

"कापतोय. तुम्ही सांगितलं म्हणून नाही. मुलगी पडली म्हणून."

"मला तरी कुठे तुझ्यासाठी झडप उघडायचीय?"

झडप पुरती उघडली तशी घरघर परत आली. सनजूच्या बाजूच्या लोकांनी खूप कुरकुर केली आणि तिने ती ऐकून घेतली. टोप सगळे निघाले, भिंती छातीइतक्या खाली आल्या. कोश मजल्यावर विखुरले गेले, कॉफी एक दार अलीकडे आली. सुरेख कोणी म्हणालं नाही. 'अंडी' आणि 'कॅफेवाले' ही नावं मात्र गेली नाहीत. आता दोन बाजूच राहिल्या नव्हत्या, तरी भांडताना लोक तीच वापरायचे.

दाहे बरी होऊन आली आणि खिडकीजवळच्या एका कापलेल्या कोशात बसली. सनजू समोरून गेली तर ती मान वर करायची नाही. एकदा सनजू थांबली आणि म्हणाली, "चूक माझी होती."

"माहीत आहे," दाहे म्हणाली, आणि टाइप करत राहिली.

शेवटच्या दिवशी लिफ्टची वाट बघत सनजू उभी होती, तिथे मिन्सोक पेटी ओढत आला. लिफ्ट यायला वेळ लागला.

"तुमच्या जागी मी असतो तर मिस्त्रीचं नाव घेतलं असतं," तो समोरच्या दाराकडे बघत म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"म्हणून आभारबिभार मानणार नाही."

"मागितलेत कोणी?"

लिफ्ट आली. तो आत शिरला. सनजू शिरली नाही. दार मिटलं आणि ती जिन्याने उतरली.

खाली इमारतीच्या आडोशाला प्रोग्रामर सपाता घालून, कुडकुडत सिगरेटी ओढत उभे होते. येरानही होती. सनजूला बघून कोणी नमस्काराला वाकलं नाही, कोणी हसलं नाही. ती पुढे निघाली, तेवढ्यात येरान म्हणाली, "ते कॉफीकडचं सरकतं दार अडकतं. जोर लावावा लागतो."

सनजू थांबली.

"दार तुमच्या कामात येतं की प्यो साहेबांच्या?" येरानने विचारलं. आवाजात जराही गोडी नव्हती.

सनजूने विचार केला. दार तिने बसवलं होतं. मूठ आणि खालची चाकं मिन्सोकने दिली होती. अडकत असेल ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी.

"बघते," ती म्हणाली, आणि गाडीची किल्ली खिशात टाकून पुन्हा जिन्याकडे वळली.